नग एकेचाळीस

साडेनऊच्या आत बेल वाजवायची नाही, असा नियम आहे.
म्हणून आम्ही गाडीत बसून राहिलो,
ग्रिम्सबीत, गोदीमागच्या गल्लीत,
काचांवर आमच्याच श्वासाची वाफ
आणि सगळीकडे धुरी दिलेल्या हॅडकचा वास.
फिर्यादी कंपनीचे दोन वकील, त्यांचा इंजिनिअर रडॉक,
रिकामी खोकी घेऊन एक कारकून,
आणि मी. कुणाचीच नाही. कोर्टानं नेमलेली.

एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात.
लंडनला बंद दाराआड ती मंगळवारी वाजली होती.
न्यायाधीशांनी एका बाजूचं ऐकलं, सही केली.
दुसरी बाजू त्या वेळी बहुधा
शाळेचा डबा भरत होती.

घरात बाई एकटी असेल तर सोबत बाई हवी, हाही नियम.
बाई एकटीच होती. लॉरेन स्टॉकडेल, हात ओले.
नेव्हिल दुरुस्तीच्या कामावर, उद्या येईल.

हुकूम रोजच्या भाषेत समजावणं हे माझं काम.
तेवीस पानं मी उंबरठ्यावर उभी राहून समजावली:
हे पोलीस नाहीत.
दार मोडायचा यांना अधिकार नाही.
तुम्ही परवानगी दिलीत तरच आत येऊ,
आणि परवानगी द्यावी असा तुम्हाला हुकूम आहे.
नाही दिलीत तर कोर्टाचा अवमान, कदाचित तुरुंग.
ती म्हणाली, मग विचारता कशाला?

याचं रोजच्या भाषेतलं उत्तर
मला अजून सापडलेलं नाही.

वकील गाठायला तिला दोन तास.
पहिला फक्त मृत्युपत्रं करायचा.
दुसरा सुट्टीवर.
तिसऱ्यानं विचारलं, कसला हुकूम म्हणालात?
बाकीचे गाडीत. मी स्वयंपाकघरात.
तटस्थ माणसानं चहा घ्यावा का,
यावर तेवीस पानांत काही नव्हतं. घेतला.

मग कपाटं, माळा, गादीखाली,
बिस्किटांच्या डब्यात अकरा फ्लॉप्या.
मासे सोलायच्या यंत्राची रेखाचित्रं
इस्त्रीच्या टेबलामागे गुंडाळी करून ठेवलेली.
रडॉकनं गुंडाळी उलगडली आणि खालीच बसला.
हा सात माझा आहे, म्हणाला,
पोटात आडवी रेघ मारलेला. मीच असा काढतो.
चार हिवाळे घातले यात.
लॉरेन त्याच्याकडे बघत राहिली,
मग नळ सोडून उगाच कप धुवायला लागली.

शेवटी फ्रिज.
चुंबकाखाली जांभळा देवमासा, पाठीवर घर,
धुराड्यातून धूर. केरी, वय ६.
धाकट्या वकिलानं कागद उलटला:
रोलर, दातेरी चाक, प्रमाण एकास पाच,
आणि कोपऱ्यात तो सात.

हुकुमात लिहिलं होतं, सर्व प्रती.
मला वाटलं, देवमासाही कृती आहे.
खडू उचलला त्या क्षणापासून तो केरीचा,
ती असेपर्यंत, आणि त्यानंतर, त्या काळच्या कायद्यानं,
पन्नास वर्षं.

धाकटा वकील बिचारा भला होता.
म्हणाला, मूळ आम्ही नेतो,
तुम्हाला देवमाशाची झेरॉक्स पाठवू.
प्रत काढली म्हणून इतक्या लांब आलेला माणूस.
लॉरेन पहिल्यांदा हसली.
तिला विचारावं लागेल, म्हणाली. साडेतीनला सुटते शाळा.

आम्ही थांबलो.
खरं तर नाही थांबलो तरी चाललं असतं.
रडॉकनंच विचारलं, गुडघ्यावर बसून.
केरीनं दप्तर न उतरवता ऐकून घेतलं.
झेरॉक्स जांभळी येते का?
काळी येते.
मग नको, म्हणाली, आणि टीव्ही लावला.

नग एकेचाळीस: एक कागद, दोन्ही बाजूंना मजकूर.
मोहोरबंद करून माझ्या कपाटात.
वसंतात दोन्ही पक्षांत तडजोड झाली, खोकी कंपनीकडे गेली.
तो कागद तिथं कुणी उलटून पाहिला का,
कळायला मार्ग नाही.

यादीखाली लॉरेनची सही आहे, माझी आहे.
केरीची घ्यायची तरतूद नव्हती.